आयतीचा अर्थ कोणी लावायचा?

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरवला. त्या पीठावर पाच न्यायमूर्ती होते आणि पाचही वेगवेगळ्या धर्मांत जन्मलेले : एक शीख, एक ख्रिस्ती, एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान. निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला आणि बहुमतातल्या तिघांत मुसलमान कोणी नव्हते. आमच्या मोहल्ल्यांतून त्यावर जी चर्चा झाली तिच्यात कायद्याचा भाग थोडाच होता. बहुतेकांचा सवाल एकच : कुरआनचा अर्थ सांगणारे हे कोण?

सवाल वाजवी आहे. तो विचारणाऱ्याला लगेच सनातनी ठरवून मोकळे होणाऱ्या सुधारकांशी आमचे जमत नाही. बहुधर्मीय देशात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या समाजाच्या धर्मग्रंथावर बाहेरचा कोणी बोलू लागला की पोटात गोळा येतो, आणि त्याला कारणे आहेत. पण हा सवाल पुरा विचारला पाहिजे. आजवर अर्थ कोणी लावला, कोणासाठी लावला आणि ज्यांच्यावर तो लागू झाला त्यांना कोणी विचारले, हेही त्यातच येते.

न्यायालयांपुढे हा प्रश्न आला त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. १८९७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे एका मुसलमान विधवेचा निर्वाहाचा दावा आला. तिचा आधार कुरआनातील आयतीचा होता. न्यायाधीशांनी सांगितले की प्राचीन आणि मान्यवर भाष्यकारांनी जो अर्थ ठरवून ठेवला आहे त्याच्या विरुद्ध जाऊन न्यायालयाने आयतीचा स्वतंत्र अर्थ लावणे योग्य नाही. विधवा हरली. गंमत अशी की तकलीदचा, म्हणजे पूर्वसूरींचे मत जसेच्या तसे पाळण्याचा, एवढा स्पष्ट हुकूम कोणा मुफ्तीने नव्हे, इंग्रज सरकारच्या न्यायपीठाने काढला. पुढे आपल्याकडे ‘शरीयत बदलता येत नाही’ असे जे सर्रास म्हटले जाऊ लागले, त्यात या वसाहतकालीन न्यायपद्धतीचा वाटा किती, हे कोणी फारसे तपासत नाही.

शरीयत आणि फिकह यांची गल्लत येथूनच सुरू होते. शरीयत हा अल्लाहने दाखवलेला मार्ग, अशी आपली श्रद्धा आहे. फिकह म्हणजे तो मार्ग समजून घेण्याचा माणसांनी केलेला प्रयत्न. इमाम अबू हनीफा आणि इमाम मालिक यांची मते अनेक बाबतींत जुळत नाहीत आणि तरीही दोघे आपल्याला सारखेच आदरणीय आहेत. ही मतभिन्नता उम्मतने कधी लपवली नाही. ती लपवण्याची गरज आपल्या काळातल्या पुढाऱ्यांना वाटू लागली, ही गोष्ट वेगळी.

या मतभिन्नतेचा उपयोग कसा होतो याचे आमच्या मते सर्वांत बोलके उदाहरण कोणा आधुनिक विचारवंताचे नाही. ते देवबंदी परंपरेतल्या मौलाना अशरफ अली थानवी यांचे आहे. थानवींना सुधारक म्हटले तर त्यांचे अनुयायी आणि सुधारक दोघेही रागावतील! हनफी फिकहनुसार नवरा बेपत्ता झाला तर बायकोने त्याच्या वयाची माणसे हयात असेपर्यंत वाट पाहायची, म्हणजे जवळजवळ जन्मभर. नवरा छळत असला, खायला घालत नसला, तरी तिला निकाहातून सुटण्याची वाट हनफी मतात फार अरुंद होती. त्यातून मोकळे करू शकणारा काझीही इंग्रजी अमलात उरला नव्हता. तेव्हा काही बायकांनी, विशेषतः पंजाबात, भयंकर मार्ग धरला. त्या इस्लाम सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो असे प्रचलित मत होते. इक्बाल यांनीही आपल्या इंग्रजी व्याख्यानांत या घटनांचा उल्लेख करून सवाल केला होता, की धर्माच्या रक्षणासाठी असलेला कायदा बायकांना धर्माबाहेर ढकलत असेल तर त्याने रक्षण केले कोणाचे?

थानवींनी १९३१ मध्ये ‘अल-हीलतुन नाजिजा’ हे पुस्तक काढले. त्याच्या नावातच असहाय पत्नीसाठी काढलेल्या उपायाचा उल्लेख आहे. त्यांनी हिजाजमधल्या मालिकी उलेमांकडून फतवे मागवले आणि मालिकी मताच्या आधारे हनफी स्त्रीला सुटकेची वाट करून दिली. बेपत्ता नवऱ्यासाठी जन्मभराच्या जागी चार वर्षांची मुदत आली. धर्म सोडल्याने निकाह तुटतो, हे आपले आधीचे मतही त्यांनी बदलले. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा या पायावर उभा आहे. नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नसणे, दोन वर्षे खर्च न देणे, क्रूरपणे वागवणे ही कारणे दाखवून मुसलमान स्त्री न्यायालयात विच्छेद मागू शकली. जमियत-उल-उलेमाने विधेयकाला पाठिंबा दिला होता, मात्र असे दावे मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत असा आग्रह धरला होता. ते कलम गळाले आणि उलेमा नाराज झाले. पण आज या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या न्यायाधीशापुढे दावा चालतो आणि सुटलेल्या बाईच्या दुसऱ्या निकाहाला कोणी हरकत घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

यात आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की थानवींना हलवले ते पुस्तकांनी नव्हे. ती पुस्तके शेकडो वर्षे कपाटात होतीच. बायका उठून चालू लागल्या तेव्हा पाने उलटली गेली.

आता १९८५ कडे येऊ. इंदूरच्या शाहबानो यांना नवऱ्याने त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर काढले होते आणि पुढे तलाक दिला होता. उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली. त्याविरुद्ध नवरा, जो स्वतः वकील होता, सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी फौजदारी कायद्याच्या आधारे पोटगी कायम केली. निकाल तेवढ्यावर थांबला असता तर? तो थांबला नाही. सूरह बकराच्या २४१ आणि २४२ या आयतींचे इंग्रजी अनुवाद देऊन तलाकशुदा बाईची तरतूद करणे कुरआनलाही मान्य आहे असे त्यात लिहिले गेले, आणि समान नागरी कायद्याची आठवणही काढली गेली. देशभर मोर्चे निघाले, १९८६ चा कायदा आला, आणि शाहबानोंनीही जाहीर पत्र काढून आपला हक्क सोडला. वृद्ध बाईवर समाजाचा दबाव कसा आला असेल याची कल्पना कोणीही करावी.

आयतींचा तो अर्थ चुकीचा होता का? त्या वेळच्या गदारोळात हे फार थोड्यांनी पाहिले. अर्थ चंद्रचूडांनी सांगितला म्हणून तो त्याज्य, एवढे पुरे झाले. न्यायालयाने आधाराला घेतलेल्या अनुवादांत अब्दुल्ला यूसुफ अली यांचा अनुवाद होता. हे यूसुफ अली मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेत शिकलेले. त्यांचा अनुवाद कितीतरी मुसलमान घरांत गिलाफात गुंडाळून ठेवलेला असतो. घरात तो मुबारक आणि न्यायालयात तो साजिश, हे आम्हांला उमजत नाही.

पुढे २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात घटनापीठाने १९८६ च्या कायद्याचाच अर्थ असा लावला, की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. २००२ मध्ये आपल्याकडे, तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठात, पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या प्रकरणात सांगितले की ‘तलाक दिला’ एवढे कागदावर लिहून भागत नाही. कारण वाजवी हवे आणि त्याआधी दोन्ही घरांच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा. ही मध्यस्थांची अट सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत आहे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या जमातींपर्यंत हा निकाल पोहोचला असता तर २०१७ ची वाट पाहावी लागली नसती.

२०१७ च्या खटल्यात मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची भूमिका अशी होती की एकदम तीन तलाक देणे गुनाह आहे, पण दिला तर तो लागू होतो. पैगंबर (स.) यांच्या काळात, हजरत अबू बकर यांच्या काळात आणि हजरत उमर यांच्या खिलाफतीच्या पहिल्या दोन वर्षांत असे तीन तलाक एकच धरले जात, ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. अहले हदीस आजही तसेच धरतात. मग हनफी बाईने काय पाप केले? थानवी मालिकांच्या दारात गेले तसे बोर्डाला शेजारच्या अहले हदीस मशिदीपर्यंत जाता आले असते. बोर्डाने ते केले नाही आणि वर तक्रार केली की न्यायालय आमच्या घरात शिरले. घरच्यांनी दार उघडले नाही तेव्हा उत्तराखंडच्या काशीपूरची शायरा बानो न्यायालयाच्या पायऱ्या चढली. दोन वर्षांनी संसदेने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा केला. तो आम्हांला अनाठायी वाटतो. लागूच न होणाऱ्या शब्दासाठी नवरा तुरुंगात गेला तर बायकोला खर्च कोण देणार?

इथपर्यंत आमचे म्हणणे ऐकून सुधारक मित्र खूश होतील. त्यांनी २०२२ कडेही पाहावे. कर्नाटकात उडुपीच्या महाविद्यालयीन मुलींना हिजाब घातला म्हणून वर्गाबाहेर ठेवले गेले. १५ मार्च २०२२ रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही. आधार कोणाचा? पुन्हा त्याच यूसुफ अलींच्या अनुवादाचा आणि टिपांचा. म्हणजे ज्या पुस्तकाने शाहबानोंच्या पोटगीला दुजोरा दिला, तेच मुलींना वर्गाबाहेर ठेवायला चालले. शिक्षक म्हणून आमच्या मनाला हे जास्त लागते. मुलगी शाळेच्या दारात उभी असताना आयतीचा कीस काढत बसायचे? सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोघा न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्यायमूर्ती धुलिया यांनी म्हटले की अत्यावश्यक धर्माचरणाच्या वाटेला जाण्याचे कारणच नव्हते. हा मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

२०१७ च्या निकालपत्रातही अशा दोन वाटा आहेत. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ आयती वाचून म्हणाले की जे कुरआनला अमान्य ते कायद्यालाही अमान्य. न्यायमूर्ती नरिमन आणि लळीत यांनी १९३७ च्या शरीयत कायद्याला घटनेच्या समतेच्या कसोटीवर लावले. भावनेने पाहिले तर पहिली वाट आम्हांला जवळची. पण विचार करता दुसरीच बरी वाटते. न्यायालयाने मुफ्ती होऊ नये. आज तो मुफ्ती आपल्या बाजूने बोलेल, उद्या विरुद्ध बोलेल, आणि दोन्ही वेळा त्याला हटवता येणार नाही. हमीद दलवाई हेच वेगळ्या भाषेत सांगत होते. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन ते मुंबईत सचिवालयावर गेले, ते नागरिक म्हणून हक्क मागायला. समाजाने त्यांना झिडकारले. असगर अली इंजिनिअर यांनी जन्मभर आयतींच्या आधाराने तेच हक्क मांडले, त्यांच्यावरही हल्ले झाले. तेव्हा ‘भाषा बदलली असती तर समाजाने ऐकले असते’ हे म्हणणे तितकेसे खरे नाही.

परंतु न्यायालयाने मुफ्ती होऊ नये म्हणणाऱ्याने मुफ्तीचे काम करायला हवे, आणि ते काही दाढीवाल्या पुरुषांचे राखीव कुरण नाही. हजरत आयेशा (र.) यांनी मोठमोठ्या सहाबांची कथने दुरुस्त केली. घरचे रडले म्हणून मयताला अजाब होतो, हे कथन कानावर आले तेव्हा कोणी दुसऱ्याचे ओझे वाहत नाही या कुरआनच्या तत्त्वावर त्यांनी ते तपासून पाहिले. अशा दुरुस्त्यांचे संकलन इमाम जरकशींनी चौदाव्या शतकात केले. आपल्या मुलींना हे कधी सांगितले जाते? मुलगी सात-आठ वर्षांची होऊन नाजरा पुरा करते, मिठाई वाटली जाते, फोटो निघतो. अर्थ? तो लग्नानंतर मौलवीसाहेबांकडून कळतो, बहुधा अडचणीच्या वेळी. शाह अब्दुल कादिर यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी दिल्लीत सोप्या उर्दूत तर्जुमा केला तो लोकांना अर्थ कळावा म्हणूनच. नववीतल्या उर्दू वाचणाऱ्या मुलीला थोड्या मदतीने तो समजू शकतो. आपण तिला सूरह निसाची ३५ वी आयत आणि सूरह तलाकची पहिली आयत अर्थासकट वाचायला दिली, तर बिघडेल कोणाचे? भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने स्त्रियांना काझीपदाचे प्रशिक्षण दिले तेव्हा टर उडवणाऱ्यांत शिकलेले पुरुष कमी नव्हते.

राहिला शेजाऱ्याचा प्रश्न. आपले घरातले वाद शेजाऱ्याच्या कानावर जातात, तो त्यांचा गैरफायदा घेतो, म्हणून गप्प बसा, असा सल्ला नेहमी मिळतो. गैरफायदा घेतला जातो हे खोटे नाही. पण मौलाना आझादांनी ‘तर्जुमानुल कुरआन’ लिहिला तो काळ काही दोस्तीचा नव्हता. १९३१ मध्ये पहिला खंड निघाला त्या वर्षी कानपूर पेटले होते. अशा दिवसांत त्यांनी दीन सगळ्यांचा एक आणि शरा वेगवेगळ्या, हे सूत्र मांडले. सूरह माइदाच्या ४८ व्या आयतीचा आशयही त्याच दिशेने जातो. अल्लाहला सर्वांना एकच उम्मत करता आले असते, पण त्याने वेगवेगळे मार्ग दिले आणि चढाओढ सत्कृत्यांत करायला सांगितली. आझादांवर टीका झाली ती उलेमांकडूनच. त्यांनी उत्तरे दिली, काही ठिकाणी खुलासे केले, आणि १९३६ मध्ये दुसरा खंड काढला.