दोष कोणाचा, शपथ कोणाची?



विकत घेतलेली वस्तू बिघडली, तर दोष वस्तूचा की ती वापरणाऱ्याचा, हे कोणी सिद्ध करायचे? प्रश्न जुना आहे. आपल्या फिकहच्या ग्रंथांत त्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. मात्र आज तो ज्या रूपात समोर येतो, ते त्या ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढे नव्हते. आज विकणारी एक कंपनी असते, वस्तूच्या पोटात काय आहे हे घेणाऱ्याला दिसू शकत नाही, आणि दोघांच्या मध्ये ‘वॉरंटी’ नावाचा छापील कागद असतो. म्हणून घडून गेलेले एक प्रकरण समोर ठेवू या. ते अमेरिकेतले आहे आणि त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पण आपल्यापैकी जे गॅरेज चालवतात, सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करतात किंवा जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात, त्यांना ते परके वाटणार नाही.

टोयोटा कंपनीची ‘सिएना’ ही मिनीव्हॅन १९९८ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. मिनीव्हॅन ही कुटुंबाची गाडी. मुलांना शाळेत सोडणे, आठवड्याचा बाजार, घरातल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेणे, यासाठी लोक ती घेत. टोयोटाचे इंजिन बिघडत नाही, ही ख्याती हेही घेण्याचे एक कारण होते. पुढे १९९८ ते २००२ या वर्षांतल्या काही गाड्यांच्या तीन लिटरच्या व्ही-६ इंजिनात ऑइलचा काळा, चिकट गाळ साचल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. तेच इंजिन कंपनीच्या इतर काही मोटारींतही होते आणि तक्रारी तिथूनही आल्या.

गाळ साचला की काय होते, हे मेकॅनिक बांधवांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनातले ऑइल फिरत राहून धातूचे भाग एकमेकांवर घासू देत नाही आणि उष्णताही वाहून नेते. ते जुने झाले किंवा प्रमाणाबाहेर तापले, तर घट्ट होते. मग तळाशी ऑइल ओढून घेणारी जाळी तुंबते, वरच्या भागांना ऑइल पोहोचत नाही, बेअरिंग कोरडी पडतात आणि इंजिन जाम होते. दुरुस्तीचा अर्थ पुष्कळदा नवे इंजिन, म्हणजे हजारो डॉलरचा खर्च.

इंजिनावर पाच वर्षे किंवा साठ हजार मैल, यांतले जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत वॉरंटी होती. मालक सर्व्हिस सेंटरमध्ये गेले तेव्हा अनेकांना एकच उत्तर मिळाले: तुम्ही वेळेवर ऑइल बदलले नाही, हा तुमचा निष्काळजीपणा आहे, वॉरंटी लागू होत नाही. बदलले असेल तर पावत्या दाखवा. आता विचार करा, चार वर्षांच्या सगळ्या पावत्या किती घरांत सापडतील? काही जण तर दुकानातून डबा आणून घराच्या अंगणातच ऑइल बदलत होते. त्यांना पावती देणार कोण? पावत्या असूनही नकार मिळाल्याच्या तक्रारी होत्या. त्यात पुस्तिकेत ‘सामान्य वापर’ आणि ‘खडतर वापर’ असे दोन विभाग होते, आणि खडतर वापरात ऑइल लवकर बदलायचे होते. कडाक्याच्या थंडीत वारंवार केलेले जवळचे प्रवास खडतर गणले जात. कुटुंबाची गाडी शाळेपर्यंत जाऊन परत येते. हिवाळ्याच्या मुलखात ती आपोआप ‘खडतर’ ठरते, आणि मालकाला याचा पत्ताही नसतो!

तक्रारी वाढल्या तेव्हा २००२ मध्ये कंपनीने एक योजना जाहीर केली. सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी, पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत, मैलांची मर्यादा न ठेवता, गाळामुळे झालेला बिघाड दुरुस्त करून मिळणार होता; अट एवढीच की वाजवी देखभाल केल्याचा काही पुरावा मालकाने दाखवावा. मूळ कारण देखभालीचा अभाव हेच आहे, हे आपले म्हणणे मात्र कंपनीने सोडले नाही. काही तंत्रज्ञांचे मत वेगळे होते: इंजिनाचा वरचा भाग जास्त तापतो आणि आतली वाफ बाहेर काढणारी रचना अपुरी पडते, असे ते म्हणत. पुढे ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि २००७ मध्ये त्यात तडजोड झाली.

आता शरीअतच्या दृष्टीने पाहू. कोणी घाईने म्हणेल की बलाढ्य कंपनी जुलमी आणि ग्राहक मजलूम, निर्णय झाला. न्याय इतका सोपा नसतो. आपल्या फिकहचा पाया असलेला नियम असा की पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे आणि जो नाकारतो त्याने शपथ घ्यायची. गाडीचा मालक दावा करतो, मग त्याच्याकडे पुरावा मागणे मुळात अन्याय नव्हे. वर्षानुवर्षे ऑइल न बदलता इंजिन जाळणारी माणसेही जगात असतातच, आणि त्यांचा खर्च कंपनीने का सोसावा? इथपर्यंत कंपनीची बाजू मला मान्य आहे.

पण त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग आपण वाचतो का? पुरावा नसेल तर नाकारणाऱ्याने शपथ घ्यायची. कशाची शपथ? याचे उत्तर इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मधील एका वृत्तांतात आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी आपला एक गुलाम आठशे दिरहमला विकला आणि विकताना दोषांच्या जबाबदारीतून मोकळे असल्याची अट घातली. (गुलामांची खरेदी-विक्री हा त्या काळाचा व्यवहार, आपण येथे तत्त्व पाहत आहोत.) पुढे घेणाऱ्याने तक्रार केली की त्याला एक आजार आहे आणि तो मला सांगितला नाही. वाद हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडे गेला. जबाबदारीतून मोकळे होण्याची अट स्पष्ट होती. आजच्या भाषेत, कागद विकणाऱ्याच्या बाजूने होता. तरी खलीफांनी सांगितले की विकताना आपल्याला ठाऊक असा कोणताही आजार नव्हता, अशी शपथ अल्लाहचे नाव घेऊन घ्यावी. इब्ने उमर (रजि.) यांनी शपथ घेण्यास नकार दिला आणि गुलाम परत घेतला. पुढे तो बरा झाला आणि त्यांनी त्याला दीड हजार दिरहमला विकले.

वाचकहो, या निवाड्यात प्रश्न कागदावरून उचलून विकणाऱ्याच्या अंतःकरणावर ठेवलेला आहे. अटीत काय लिहिले होते, यावर वाद थांबला नाही. विकणाऱ्याला काय ठाऊक होते, हे विचारले गेले. हनफी फिकहमध्ये सर्व दोषांपासून मोकळे होण्याची अट घालून केलेली विक्री वैध मानली आहे, इमाम मालिक (रह.) आणि इमाम शाफई (रह.) यांच्याकडे ही मोकळीक बरीच मर्यादित आहे. पण आपल्या उलमांनी आणखी एक भेद केला आहे आणि तो आपण विसरतो: न्यायालयात जे टिकते ते ‘कजा’, आणि बंदा व अल्लाह यांच्यामध्ये जे टिकते ते ‘दियानत’. ठाऊक असलेला दोष लपवून अटीच्या आडोशाला उभा राहणारा माणूस कजामध्ये सुटेल, दियानतमध्ये अडकेल. बाजारातल्या धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ आहे. ती ओल पावसाची होती. व्यापाऱ्याने पाणी मारलेले नव्हते. तरीही, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, याचा जाब त्याला द्यावा लागला.

मग कंपनीच्या बाबतीत शपथ कोणी घ्यायची? इथे आपल्या काळाची खरी अडचण आहे. इब्ने उमर (रजि.) एक व्यक्ती होते, जाणणारे तेच, विकणारे तेच, उत्तर देणारेही तेच. कंपनीत इंजिनाची रचना करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते, तक्रारींची नोंद ठेवणाऱ्याला दुसरी, वॉरंटी मंजूर करणाऱ्याला तिसरी, आणि काउंटरवर बसलेल्या तरुणाला यांतले काहीच ठाऊक नसते. त्याला फक्त एक वाक्य दिलेले असते. ज्ञान इतके विखुरले की ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे प्रत्येक जण खरेपणाने म्हणू शकतो, आणि तरी एकूण मिळून एक असत्य उभे राहते. माझ्या मते विखुरल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही. हजारो माणसे एकच तक्रार घेऊन येत असतील, तर ‘ठाऊक नव्हते’ या म्हणण्याला ‘ठाऊक करून घ्यायचे नव्हते’ असा वास येऊ लागतो.

याहून गंभीर बाब त्या काउंटरवरच्या वाक्यात आहे. ‘वॉरंटी लागू होत नाही’ हा नकार झाला. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ हा आरोप झाला. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये आणि कान, डोळे व अंतःकरण या सर्वांचा जाब घेतला जाईल, असा इशारा आहे. इंजिन उघडून गाळ दिसला, एवढे डोळ्यांनी पाहिलेले सत्य. तो मालकाच्या चुकीने साचला, हे अनुमान. अनुमान सत्य म्हणून लिहिले आणि ते खोटे निघाले, तर एका निरपराध माणसावर ठेवलेला तो ठपका ठरतो. इंजिनाचे पैसे कदाचित परत मिळतील; ‘आपल्याला साधी गाडी सांभाळता आली नाही’ हे घरात ऐकून घेतलेले शब्द कोण परत घेणार?

कायद्याच्या वाटाही आहेत आणि त्या वापरणे सब्राच्या विरुद्ध नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ दुसरीकडे ऑइल बदलले म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. हक्क मागावा, पावत्या जपून ठेवाव्यात. मात्र ऑइल न बदलता ओळखीच्या गॅरेजमधून मागच्या तारखांच्या पावत्या बनवून घेणे हे सरळ खोटी साक्ष तयार करणे आहे. समोरची बाजू कंपनी आहे म्हणून ते हलाल होत नाही.

आणि ज्याला दाद मिळाली नाही, तो पुढे काय करतो? पुष्कळदा गाडी धुऊन-पुसून, नवे ऑइल भरून विकून टाकतो. ऑइल नवे असले की काही दिवस इंजिन शांत वाटते. काल जो मजलूम होता, तो आज दुसऱ्या कुटुंबाच्या बाबतीत तेच करतो जे त्याच्याशी झाले, आणि मनात म्हणतो की माझेही नुकसान झालेच की. आपले नुकसान तिऱ्हाइताकडून वसूल करण्याची परवानगी कोणत्याही मसलकमध्ये नाही. घेणाऱ्याला दोष आढळल्यास सौदा रद्द करण्याचा जो अधिकार शरीअतने दिला आहे, ‘खियारे ऐब’, तो तुम्ही विकता तेव्हा तुमच्याविरुद्धही उभा असतो.

या जागी मेकॅनिक बांधवांनी हजरत वासिला बिन असका (रजि.) यांचा प्रसंग वाचावा. बाजारात एका माणसाने तीनशे दिरहमला उंटीण विकली आणि घेणारा ती घेऊन निघाला. वासिला (रजि.) त्याच्या मागे धावत गेले आणि त्यांनी विचारले की ही मांसासाठी घेतली की प्रवासासाठी. प्रवासासाठी, असे कळल्यावर त्यांनी सांगितले की हिच्या खुराला छिद्र पडलेले मी पाहिले आहे, ही लांब चालणार नाही. घेणारा परत गेला, विकणाऱ्याला शंभर दिरहम कमी करावे लागले आणि तो चिडला. त्यावर वासिला (रजि.) यांनी त्याला प्रेषितांची (सल्ल.) शिकवण ऐकवली: दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, आणि ज्या तिसऱ्याला तो ठाऊक आहे त्यालाही गप्प राहणे वैध नाही. वासिलांचा त्या सौद्यात एक दिरहमचाही संबंध नव्हता. त्यांनी फक्त खूर पाहिला होता.

इंजिन तुम्ही उघडलेले असते, जाळी तुम्ही पाहिलेली असते. म्हणून गाडी घ्यायला आलेल्याने विचारले तर सांगा, न विचारले तरी सांगा. जुने गिऱ्हाईक रागावले तरी चालेल. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करणारे जे तरुण विचारतात की वरून आलेल्या हुकुमाप्रमाणे नकार द्यावा लागतो, मग आमची रोजी हलाल आहे का, त्यांनी नोकरी सोडावी असे मी म्हणणार नाही. मंजूर-नामंजूर करणे तुमच्या हातात नाही. पण जॉब कार्डावर सही तुमची असते. त्यावर ‘मालकाचा निष्काळजीपणा’ असे लिहिण्यापूर्वी थांबा. गाळ आढळला, जाळी तुंबलेली आहे, एवढे तुम्ही पाहिले आहे, तेवढेच लिहा. कारण निश्चित झालेले नसेल, तर ‘कारण निश्चित नाही’ असे लिहा आणि त्याखाली सही करा.