कानावरची गादी

"काका, हेडफोन आवाज पाहून घ्या, गादी पाहून नोका घेऊ."

अकोल्यातल्या एका दुकानात मी स्टुडिओ हेडफोनचा पॅड अंगठ्यानं दाबून पाहत होतो, तेव्हा शेजारी उभा असलेला तरुण हे म्हणाला. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारा मुलगा. दिवसातले कितीतरी तास हेडफोन लावून बसणारा, म्हणजे बोलण्याला अनुभवाचा आधार होता, आणि सूर तर सरळ कळकळीचा. तरीही बार्शीटाकळीला परतताना ते वाक्य मला सलत राहिलं. राग त्या मुलाचा नव्हता. हेडफोनची तुलना करणारा जवळजवळ प्रत्येक जण असंच बोलतो. आवाजाला दहापैकी इतके गुण, आरामाला दहापैकी इतके. आवाजावर पानंच्या पानं, आरामावर शेवटच्या चार ओळी. जणू आवाज हेडफोनच्या आत पूर्ण तयार होतो आणि कान नुसती त्याची पोच देतो.

क्लोज-बॅक, म्हणजे मागून बंद कटोऱ्यांचे हेडफोन रेकॉर्डिंगला का लागतात हे विस्तारानं सांगत बसत नाही. गाणाऱ्याच्या कानातला आवाज माइकमध्ये शिरू नये आणि खोलीतला आवाज ऐकणाऱ्याच्या कानात शिरू नये, एवढ्यासाठी. आमच्याकडे स्टुडिओ म्हणजे भिंतींना वाकळी लावलेली घराची मागची खोली. तिथे मी जात्यावरच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी ध्वनिमुद्रित करतो. गाणाऱ्या बाया बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हणजे आधी कूलर बंद, मग पंखा बंद. अशा खोलीत अर्धा तास हेडफोन डोक्यावर राहिला की गादी हा किरकोळ विषय राहत नाही. पण माझं म्हणणं घामाबद्दलचं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

हेडफोनांच्या बाबतीत मी पूर्वीपासून एक भेद मानत आलो आहे: तपासायचा आवाज आणि रमायचा आवाज. कोणताही हेडफोन हाती आला की मी आधी खंजिरीचं भजन ऐकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे वऱ्हाडात घरोघर पोचलेलं हे वाद्य परीक्षेला फार चांगलं आहे. चामड्याची थाप खाली, चकत्यांची छुमछुम वर आणि मधल्या जागेत माणसाचा गळा. सोनीचा एमडीआर-7506, 1991 पासून जगभरच्या रेकॉर्डिंगच्या खोल्यांत टिकून असलेला, हा तपासणारा. चकत्या धारदार ऐकवतो. माइकची खरखर, ओठांची चुटचुट, दोन तुकडे जोडताना राहिलेली टिकटिक त्याच्यातून सुटत नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स रमवण्याकडे झुकतो, थाप जरा भरून येते आणि ऐकणाऱ्याची मान हलते. बायरडायनॅमिकच्या डीटी 770 चं मूळ मॉडेल 1985 चं. त्याचा तळ भारदस्त, वरती 'स' आणि 'श' टोचतील इतके तीक्ष्ण, आणि कानाभोवती मखमली कापडाचे मऊ पॅड. सेनहायझरचा एचडी 280 प्रो बाहेरचा आवाज 32 डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते, आणि त्यासाठी तो डोकं चांगलंच घट्ट धरतो.

माझ्या या भेदात आरामाला जागाच नाही, आणि तिथेच त्या तरुणाचं वाक्य मला अडवतं. कारण गादीशिवाय यातला एकही आवाज अस्तित्वात नाही.

जात्याचंच घ्या. दगडावर दगड फिरतो तेव्हा ओवीच्या खाली एक अखंड घरघर असते. त्यातला खालचा भाग, समजा 50 हर्ट्झचा, घेतला तर त्याच्या एका लाटेची हवेतली लांबी जवळपास सात मीटर. हेडफोनच्या कटोरीची खोली काही सेंटीमीटर. इतकी लांब लाट तिथे मावतच नाही. तिथे घडतं ते वेगळंच: हेडफोनचा पडदा पुढे सरकला की आतली हवा दाबली जाते, मागे गेला की सैल होते, आणि हा दाबच कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो. त्यासाठी गादी कानाभोवती सगळीकडून टेकलेली हवी. चष्म्याची दांडी मध्ये आली, दाट केस आले, डोक्यावरचा पदर आला, जबड्यामागचा खळगा जरा खोल असला की फट राहते आणि दाब त्या फटीतून निसटतो. वरचे सूर जवळपास जागच्या जागी राहतात, हरवतो तो तळ.

आता चष्मा लावणारा माणूस असा हेडफोन घालून ओवी तपासतो असं धरा. त्याला घरघर कमी ऐकू येते. त्याला वाटतं, रेकॉर्डिंगच पातळ झालं, म्हणून तो बेस वाढवतो. पुढे तीच ओवी मोठ्या स्पीकरवर लागली की जातं इतकं गरजतं की बाईचे शब्द त्याखाली गाडले जातात. चूक आवाजाच्या रकान्यात दिसते, पण ती घडली आरामाच्या रकान्यात. दांडीवर दुखतं म्हणून माणसानं कप जरासा वर सरकवला, एवढंच निमित्त पुरतं. ओव्यांच्या बाबतीत हे साधं नुकसान नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहानं त्या लोकांसमोर ठेवायला घेतल्या. त्या ऐकताना कळतं की बांगड्यांची किणकिण, मध्येच आलेला कोंबडा, दगडाची घरघर ही गाण्याची अडगळ नाही, गाणं त्यांच्यासकट आहे. त्यातलं किती राखायचं याचा निर्णय कानावरची गादी करणार असेल, तर तिला अंगठ्यानं दाबून पाहणारा माणूस आवाजच पाहत असतो.

हेडफोनचा जन्मसुद्धा माझ्या बाजूनं साक्ष देतो. 1910 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून अमेरिकी नौदलाला पाठवले. बिनतारी संदेश त्यांत असे ऐकू येत की नौदलानं आणखी मागवले. आणि तक्रार कशाची आली? डोक्यावरच्या पट्टीची, ती सोसवत नव्हती. बाल्डविन यांनी मग चामडं चढवलेल्या, मागेपुढे करता येणाऱ्या तारांची पट्टी केली. संदेश ऐकणाऱ्याला तासन्‌तास बसायचं होतं. डोकं दुखलं तर कान चुकणार आणि कान चुकला तर जहाज चुकणार, हे नौदलाला तेव्हाच उमगलं होतं.

तो तरुण इथे गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. त्याच्याजवळ याहून भक्कम मुद्दा आहे. तो म्हणेल, माणसाचा कान लबाड असतो म्हणून तर यंत्रानं मोजायचं. यंत्राच्या डोक्याला घाम येत नाही. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापं तपासली आणि किंमत व आवाजाची ठेवण यांत काहीच संबंध नसल्याचं दाखवलं. आमच्यासारख्या मोजक्या पैशांत काम करणाऱ्यांना हे मोठं बळ देणारं आहे, आणि ते कुणाच्या गादीवरून मिळालेलं नाही, मोजून मिळालेलं आहे. हे मी पूर्ण मान्य करतो.

पण मोजल्यावर चांगलं कशाला म्हणायचं, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी माणसांनाच बसवलं. ब्रँड न दाखवता हेडफोन ऐकवले तरी वजन आणि पकड डोक्याला कळत होती, आणि मतावर त्यांचा परिणाम होऊ शकत होता. म्हणून पुढे त्यांनी एकच हेडफोन सगळ्यांच्या डोक्यावर ठेवला आणि बाकीच्यांचे आवाज त्याच्यातून नक्कल करून ऐकवले. म्हणजे शुद्ध आवाजाची तुलना करायची तर आधी गादी सारखी करावी लागली. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा माझ्या विरोधकाच्याच घरात सापडेल असं वाटलं नव्हतं.

त्या प्रयोगांतून आलेली दुसरी गोष्ट मात्र माझ्या लाडक्या भेदालाच हात घालते. बहुतेकांना आवडलेला आवाज कागदावर सपाट नव्हता. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, खाली जरा भरलेले आणि वर हळूहळू उतरणारे, तसा तो होता. आमच्या गावात हेमाडपंती बांधणीचं काळंका देवीचं मंदिर आहे, बाराव्या शतकातला शिलालेख असलेलं. त्याच्या मंडपात चार बाया आरती म्हणायला लागल्या की दगड त्यांना साथ देतो. शब्द संपतो आणि क्षणभर मागे उरतो, उजवीकडच्या बाईचा आवाज डाव्या कानालाही पोचतो. माणूस हजारो वर्षं असाच ऐकत आला, कुठल्या तरी जागेत, दोन्ही कानांनी, भिंतींसह. हेडफोन ही जागा काढून घेतो. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, आणि गाणं समोर न राहता कपाळाच्या मागे येऊन बसतं. मला त्या मंडपात ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत, जात्यासकट. परवानगी आणि विजेची सोय या दोन्हींचं जमेल तेव्हा जमेल. पण त्या प्रयोगांनंतर हे म्हणणं भाग आहे की हेडफोनमधला खरा आवाजसुद्धा अशाच एखाद्या खोलीतल्या रमण्यावरून ठरवावा लागला. तपासणं आणि रमणं यांच्यात मी समजत होतो तेवढी भिंत नाही.

इथवर आल्यावर निष्कर्ष सोपा वाटतो: सर्वांत मऊ, सर्वांत हलका, घाम न धरणारा हेडफोन घ्यावा आणि दिवसभर घालावा. तसं मला वाटतही होतं. पण वऱ्हाडातला उन्हाळा हा निष्कर्ष पुरा होऊ देत नाही. नकली चामड्याची गादी चांगली टेकते, तळ राखते, पण उकाड्यानं कान भिजतो, आणि ऊन, घाम, पावसाळी दमट हवा यांनी काही वर्षांत तिच्यावरचे काळे पापुद्रे सुटून मानेवर पडायला लागतात. मखमली गादी कानाला हवा लागू देते, म्हणूनच ती तुलनेनं कमी अडवते. बाहेरचं जास्त आत आलं की माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, 83 ला 20 तासच उरतात. म्हणजे डोकं आवळणारा हेडफोन एका अर्थानं कान वाचवतो, आणि जो जाणवतच नाही तो माणसाला तिथेच बसवून ठेवतो. थकलेला कान आधी वरचे सूर गमावतो, मग माणूस वरचे सूर वाढवतो आणि आपण काय करतोय हे त्याला कळत नाही.

म्हणून तपासणाऱ्यासाठी माझं मत आता फिरलं आहे. त्याला घट्ट टेकणारा हेडफोन हवा, ज्याचा तळ निसटणार नाही, आणि थोड्या वेळानं तो काढावासा वाटला तर उत्तमच. काढावा, बाहेर ओट्यावर बसावं, मग पुन्हा ऐकावं. चष्मेवाल्यानं त्या वेळेपुरता चष्मा उतरवून ठेवावा. गाणं ऐकायला तो लागत नाही.

आराम लागतो तो गाणाऱ्या बाईला, आणि तुलनेच्या सगळ्या तक्त्यांत तिचं डोकं कुठेच नसतं. जन्मभर उघड्या कानांनी गायलेली आजी पहिल्यांदा बंद कटोऱ्या लावून गायला बसते तेव्हा बिचकते. आमच्याकडच्या एकीनं दोन ओळींतच गाणं थांबवलं आणि म्हणाली, "बापू, माहा आवाज डोस्क्यातच घुमते, बाहीर येतच नाई." तिचं निदान अचूक होतं. आपला आवाज हाडांतून कानाच्या नळीपर्यंत पोचतो. कान उघडा असला की त्याचा खालचा भाग बाहेर निघून जातो, कान झाकला की आत कोंडतो. सूर कुठे लागतोय ते मग कळत नाही आणि तो ढळतो. सराईत गायक एक कप कानामागे सरकवून गातात ते याचसाठी. आजीला हे कुणी सांगितलेलं नसतं. तिला वाटतं, आपलं वय झालं.

आणि रिवाज काय आहे पाहा. नवा, चांगला हेडफोन यंत्रापुढे बसणाऱ्याच्या डोक्यावर, आणि पापुद्रे सुटलेला, पट्टी वाकलेला गाणाऱ्याच्या. ज्याचा आवाज पुढे जपला जाणार, त्याच्याच कानाशी सर्वांत वाईट गादी. या रिवाजावर मला खरोखर चीड येते. मोठमोठ्या हेडफोनांतला फरक ओळखू येईल इतका माझा कान तयार आहे, पण तो फरक त्या बाईच्या मोकळ्या गळ्यापुढे फार लहान आहे. ती बिचकून गायली तर जगातला कुठलाही तपासणीचा हेडफोन ते दुरुस्त करून देणार नाही.

तेव्हा माझी खरेदी ठरली आहे. मखमली पॅडचा गाणाऱ्यांसाठी, पॅड काढून धुता येतील असा, कारण एका दिवसात तो अनेकींच्या डोक्यावर चढतो. एक कप मागे सरकवून गाऊ द्यायचं आणि त्या बाजूचा आवाज बंद ठेवायचा, नाहीतर तो माइकमध्ये शिरतो. तपासणीला माझा जुना घट्ट हेडफोन नवे पॅड बसवून चालेल. पैसे कमी पडले तर ते पॅड पुढच्या हंगामात घेईन.