सातवे पाऊल

अंतरपाट दूर होतो, ‘सावधान’ची शेवटची आरोळी उठते, वाजंत्री घुमते, अक्षता पडतात आणि मंडळी म्हणतात, ‘लागले बरे का लग्न!’ की निघाले सारे पंगतीची जागा धरायला. पण सज्जनहो, शास्त्राला विचाराल तर लग्न अजून लागलेलेच नसते. मंगलाष्टके आणि अक्षता हा गोड लोकाचार आहे. पाणिग्रहण, लाजाहोम आणि सप्तपदी हा विधी पुढेच असतो. सातवे पाऊल पडले की विवाह पुरा झाला, असे मनूने म्हटले आहे. सन 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमातही तीच गोष्ट आहे. विवाह वधू किंवा वर यांच्या रूढीप्रमाणे व्हावा, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाबरोबर तो पूर्ण व बंधनकारक होतो. म्हणजे गंमत पाहा, ज्या क्षणी लग्न होते त्या क्षणी ते पाहायला मंडपात चार माणसेही नसतात. वऱ्हाड जिलबीवर असते!

थट्टा राहू द्या. प्रश्न मात्र थट्टेचा नाही. दोन माणसे एकमेकांना धरून राहतात, ती खरोखर नवराबायको केव्हा ठरतात? विधीने, मनाने, लोकांच्या मान्यतेने, की सरकारी कागदाने? आज पुष्कळ घरांत हा प्रश्न उभा आहे. शहरात शिकायला-नोकरीला गेलेली मुले लग्नावाचून एकत्र राहतात आणि म्हणतात, ‘आमचे मन एक आहे, मग भटजी कशाला आणि कागद कशाला?’ आईबाप हाय खातात. दोघांच्याही म्हणण्यात काही खरे आहे की नाही, हे नीट पाहावे म्हणून आम्ही हा विषय घेतला.

प्रथम शब्दच पाहू. ‘विवाह’ शब्दात ‘वह्’ धातू आहे. वह् म्हणजे वाहणे, वाहून नेणे. ‘वि’ हा उपसर्ग लागला की विशेष रीतीने वाहून नेणे. ‘पत्नी’ हा शब्द यज्ञाच्या संबंधाने सिद्ध होतो, असे पाणिनीने सांगितले. जी कर्मात जोडीने बसते ती पत्नी. म्हणजे शब्दांतच दोन गोष्टी आल्या, ओझे वाहणे आणि सत्कर्मात भागी होणे. आता सप्तपदीची पावले मोजा. पहिले अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनवृद्धीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. आणि ज्याने विवाह पुरा होतो ते सातवे कशासाठी? सख्यासाठी! धन झाले, संतती झाली, तरी शास्त्र म्हणते अजून लग्न झाले नाही. सखा-सखी व्हा, मग झाले. केवढा विचार आहे हा! आणि आम्ही तो धुराने डोळे चोळीत, ‘गुरुजी, जरा लवकर उरका’ म्हणत ऐकतो.

येथे पूर्वपक्ष उठतो. सख्य हेच जर सार, तर ते मनात असते. मग विधीचे काय काम? या पक्षाला मोठा आधार सावित्रीचा आहे. मद्रदेशच्या अश्वपती राजाची ही कन्या सत्यवानाला मनाने वरून आली. नारद म्हणाले, ‘याचे आयुष्य वर्षाचे आहे.’ बाप म्हणाला, ‘दुसरा पाहा.’ तेव्हा महाभारतात ती जे सांगते त्याचा भाव असा : माणूस आधी मनाने ठरवतो, मग वाचेने बोलतो, मग हातांनी करतो, म्हणून माझे मनच मला प्रमाण आहे. अजून होम नाही, पाऊल नाही, तरी तिच्यापुरते लग्न झाले होते. हा पक्ष खोटा नाही. मन नसेल तर सात काय, सातशे पावले चालली तरी ती नुसती पायपीट.

पण सावित्रीचे सारे बोलणे ऐका. ती मनावर थांबत नाही. मन, वाचा, कर्म अशी उतरंड ती स्वतःच सांगते. पुढे अश्वपती तिला घेऊन अरण्यात द्युमत्सेनाच्या आश्रमी गेला आणि तेथे तिचा विधिपूर्वक विवाह झाला. मनात बी असते खरे, पण ते जमिनीत पडून वर यावे लागते.

आणि मनावरच थांबले तर काय होते, हे शकुंतलेला विचारावे. कण्वाच्या आश्रमात दुष्यंताने तिच्याशी गांधर्व विवाह केला. साक्षीला झाडे आणि हरणे. वर्षे गेली. ती मुलाला घेऊन राजसभेत उभी राहिली तेव्हा राजा म्हणाला, ‘मी हिला ओळखत नाही.’ कालिदासाने येथे शाप आणि अंगठी आणून राजाची बाजू सावरली. मूळ महाभारतात तसे नाही. तेथे राजाला सारे आठवत होते, आणि आठवत असूनही तो नाकारीत होता! अखेर आकाशवाणी झाली आणि मग तो कबूल झाला. म्हणाला, हिच्या एकटीच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती.

तेव्हा साक्ष कोणासाठी, हे येथे उघड होते. दोघांचे मन जोवर एक आहे तोवर साक्षीची गरजच नाही. एकाचे मन फिरले की दुसऱ्याच्या हातात काय उरते? साक्ष असते ती दोघांतल्या दुबळ्यासाठी. आकाशवाणी प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही हो! म्हणून धर्मनिबंधकारांनी गांधर्वादी विवाहांतही पुढे होमादी विधी करावा असे सांगितले. ‘कागद कशाला’ म्हणणाऱ्या तरुणाला आमचे एवढेच विचारणे आहे : बाबा, तुझे मन फिरणार नाही अशी तुझी खात्री आहे ना? मग चार माणसांसमोर तेच बोलायला जड का जाते?

बोलण्याची रीत एकच असली पाहिजे असा आमचा आग्रह नाही. जोतीराव फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहितावाचून लग्न लावले. त्या पद्धतीत वधूवर आपल्याला कळणाऱ्या मराठीत एकमेकांना वचन देतात. सन 1954 च्या विशेष विवाह कायद्यात होम नाही, पाऊल नाही, पण अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनीही आपल्या तोंडाने परस्परांचा स्वीकार बोलून दाखवावा लागतो. संस्कृत पाठशाळेत वाढलेल्या आम्हाला सप्तपदी प्यारी आहे, यात नवल नाही. तरीही न कळता म्हटलेल्या मंत्रापेक्षा कळून दिलेला शब्द उणा आहे, असे आमच्याने म्हणवत नाही. मनातले वाचेवर आले आणि ते कोणी ऐकले, हे दोन्हीकडे सारखेच.

आता उलट पक्ष घ्या. विधी यथासांग झाला की संपले, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी आळंदीकडे पाहावे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांचा विवाह विधिवत झाला होता. पुढे विठ्ठलपंत काशीस गेले आणि संन्यास घेतला. परंपरा सांगते की पत्नीची संमती त्यांनी तिचे लक्ष नसताना कशीबशी मिळवली होती. रुक्मिणीबाई आळंदीस सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. यात्रेला निघालेले गुरू तेथे आले, नमस्कार करणाऱ्या या बाईला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग सारा उलगडा झाला. गुरूंनी शिष्याला परत पाठवले.

या एका कथेत आपल्या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत. नवरा घर सोडून गेला, भगवी वस्त्रे ल्याला, तरी एकट्याच्या मनाने ते नाते तुटले नाही. दोघांनी बांधलेली गाठ एकाला सोडता येत नाही, असेच गुरूंनी ठरवले. हे पहिले. इकडे जो संसार निम्म्यावर मोडला होता तो त्या प्रदक्षिणांनी धरून ठेवला. विधी एका दिवसाचा, वाहणे मात्र रोजचे. हे दुसरे. आणि तिसरे उत्तर कडू आहे. ज्या समाजाने त्या लग्नाला साक्ष दिली होती त्यानेच पुढे या जोडप्याला वाळीत टाकले, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या लेकरांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवले, आणि आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. म्हणजे लोकांची साक्ष मोलाची खरी, पण लोक चुकतात. साक्षीदाराने न्यायाधीश होऊन लेकरांवर सूड उगवू नये, हा धडा आपण वारकऱ्यांनी तरी विसरू नये. ज्यांना आपण माउली म्हणतो त्यांच्या आईबापांचे लग्नच लोकांनी नाकारले होते!

नुसत्या विधीचा आणि नुसत्या कागदाचा दुरुपयोग कसा होतो त्याचीही उदाहरणे आहेत. सन 1965 मध्ये महाराष्ट्रातील एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पहिली बायको असताना दुसरे लग्न केल्याचा एका पुरुषावर आरोप होता. दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाली नव्हती, म्हणून ते लग्नच नव्हे असे ठरले आणि तो सुटला. विधी चुकवला की अपराधही चुकतो! उलट 2024 मध्ये त्याच न्यायालयापुढे दुसरी गोष्ट आली. एका जोडप्याने विधी न करताच सोयीसाठी दाखला मिळवून नोंदणी केली होती. न्यायालयाने सांगितले, विधी झालेला नाही तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. आणि विवाह म्हणजे नाचगाणे व खाणेपिणे नव्हे, अशी समजही दिली.

गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपल्यावर दिंडीतली काही मंडळी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, ‘महाराज, आमच्या दिंडीत एक म्हातारा-म्हातारी आहेत. चाळीस वर्षे एकत्र संसार. पण त्यांचे लग्न लागलेले कोणी पाहिले नाही. त्यांना जोडीने पूजेला बसवावे का?’ आम्ही विचारले, ‘दोघांपैकी कोणाला सोडलेले माणूस मागे आहे का?’ म्हणाले, ‘नाही.’ ‘एकमेकांना कसे वागवतात?’ तेव्हा एक बाई पुढे होऊन बोलली, ‘मागल्या वारीला आजीचा पाय सुजला. आजोबांनी तिचे गाठोडे आणि आपले, दोन्ही पंढरीपर्यंत डोक्यावर नेले.’ आम्ही म्हणालो, ‘मग विवाहाचा धातू तुम्ही डोळ्यांनी पाहिला. बसवा त्यांना जोडीने.’

आमचे हे म्हणणे केवळ भाबडेपणाचे नाही. पन्नास वर्षे नवराबायको म्हणून राहिलेल्या एका जोडप्याबद्दल 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच निवाडा दिला. इतक्या वर्षांनी भटजी आणि साक्षीदार आणा म्हणणे बरोबर नव्हे, विवाह झाला असेच धरून चालावे, आणि नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. कायदा हा कल ठेवतो, मग दिंडीने का ठेवू नये? पण त्या मंडळींना आम्ही एक गोष्ट आणखी सांगितली. आजोबांना सांगा, नोंदणीच्या कचेरीत चौकशी करून काय करता येईल ते हयातीतच करा. उद्या त्यांच्यामागे आजीला कोणी घराबाहेर काढू नये. प्रेम आहे म्हणून कागद नको, हा न्याय उलटा आहे. प्रेम आहे म्हणूनच तिच्यासाठी कागद करावा.

आमचा पहिला प्रश्न मात्र ध्यानात ठेवा. घरी लग्नाची बायको रडत ठेवून कोणी दुसरीकडे ‘आमचे मन जुळले’ म्हणत असेल तर त्याला आमची साक्ष नाही. ते सख्य नव्हे, दिल्या शब्दाची चोरी आहे. पण त्यातून झालेल्या लेकरांना नाव ठेवू नये. सन 1955 च्या कायद्याचे सोळावे कलम अशा रद्द ठरणाऱ्या लग्नाच्या मुलांनाही औरसच मानते. आळंदीच्या लेकरांना जे मिळाले नाही ते आज कायदा देतो.

आणि नवराबायकोचे भांडण होते म्हणून कोणी लग्नावर शंका घेऊ नये. देहूच्या जिजाई तुकोबांवर रागावत, त्यांच्या पांडुरंगालाही बोल लावीत, असे सांगतात. पण भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढत कोण होते? तोंडात रागाचा शब्द आणि डोक्यावर नवऱ्याची भाकरी. सातवे पाऊल म्हणतात ते हेच. ते मंडपात एकदा पडते आणि मग जन्मभर रोज टाकावे लागते.

तात्पर्य, मनाने वरणे, वाचेने चौघांसमोर कबूल करणे, आणि कर्माने शेवटपर्यंत वाहणे, ही तीन मिळून विवाह होतो. पहिले नसेल तर ते सोंग. दुसरे नसेल तर दुबळ्याचा घात होण्याची भीती. तिसरे नसेल तर कितीही मोठा मंडप घातला असो, ती एका दिवसाची जत्रा. आपल्या रखुमाईचेच पाहा ना. तिने मनाने कृष्णाला वरले, निरोप धाडला, भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारला आणि ती रथात बसली. तरी देवाने तिला द्वारकेत नेऊन, नगरातल्या लोकांसमोर, विधिपूर्वक पाणिग्रहण केले, असे भागवत सांगते. त्याला कोण विचारणार होते? पण तिचा मान उघड्यावर व्हावा, हे त्याने पाहिले. पुढे ती रुसून दिंडीरवनात आली, आणि देव तिच्यामागे पंढरीला आला. आजही दोघांची देवळे निराळी आहेत. पण वारकऱ्याच्या तोंडी नाव येते ते जोडीनेच.

घरोघरी हे सख्य नांदो, एवढेच मागणे पांडुरंगाच्या पायी. रामकृष्णहरी.