एकेक पीस

बेळगावच्या किल्ला तलावावर सकाळी घार गिरक्या घेते. तिचे पंख नीट पाहा. कधी उजव्या पंखात फट दिसते. बहुधा डाव्यातही, त्याच जागी. तिथलं झिजलेलं पीस गळलेलं असतं, नवं अर्धं वाढलेलं. ते भरत आलं की शेजारचं गळतं. तोल जात नाही. उडणं थांबत नाही. कारवारच्या किनाऱ्यावरचे कुरवही असेच पिसं बदलतात.

झिजलेलं पीस दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. सवयींचंही तसंच. आपण मात्र सगळं एका रात्रीत बदलायला निघतो आणि थकतो. मंडळी, राग सोडायचाय? चहाला उशीर झाला म्हणून चढणारा आवाज, आज तेवढाच सोडा. एकेक पीस. उडणं थांबत नाही.

हळदी-कुंकू बदकाची तऱ्हा वेगळी. वीण आटोपली की उडायची सगळी पिसं ते एकदम टाकतं. नवी येईपर्यंत काही आठवडे पाणगवतात दडून राहतं. काही माणसांवरही अशी वेळ येते. आजारपणानं, दुःखानं ती घरातच असतात. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल, तर "बाहेर कधी पडणार?" असं आज विचारू नका. जेवणाचा डबा तेवढा पोचवा.