एकच टिक

निमगाव केतकीच्या अलीकडच्या एका वस्तीवर माझी धाकटी जाऊ राहते. पानमळा, दोन म्हशी, थोडा ऊस. तिच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यामागे फोन भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, कारण घरात तेवढ्याच कोपऱ्यात रेंज येते. रोज रात्री भाकरी झाल्या की पिठाचे हात पदराला पुसून ती नौदलातल्या मुलाला एक शब्द पाठवते : 'जेवलास?' 2025 च्या मे महिन्यात त्या शब्दापुढं अकरा दिवस एकच टिक होती. एकाखाली एक अकरा 'जेवलास?' आणि प्रत्येकापुढं करड्या रंगाची एकुलती एक खूण. निरोप इथून निघाला, तिथं पोचला नाही.

एरवी एक टिक म्हणजे कुणाचा तरी फोन बंद. नेव्हीवाल्याच्या घरी तिचा अर्थ वेगळा असतो. पोरगं सेलिंगला गेलंय. कुठं गेलंय, कधी येणार, हे विचारायचं नाही. विचारलं तरी कुणी सांगणार नाही. त्या अकरा दिवसांत तिच्या सोबतीला जी माणसं होती, त्यांतल्या एकालाही ती कधी भेटलेली नव्हती. ती सगळी त्याच फोनमध्ये होती. अशी सोबत खरी असते का आणि ती नेमकं काय देते, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

बारामती-इंदापूरला समुद्र नाही. पाण्याशी आमचं नातं नीरा डाव्या कालव्याच्या पाळीचं, विहिरीवरच्या मोटारीचं आणि उजनीच्या फुगवट्याचं. त्या फुगवट्याच्या पाण्यानं शेती पिकवली, भिगवणला रोहित पक्षी आणले आणि पळसदेवचं जुनं देऊळ पोटात घेतलं. त्यानं माणसंही घेतली. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांतला एक पोहून काठाला लागला, सहा जण गेले. तेव्हा पुतण्या नुकताच जहाजावर रुजू झाला होता. जाऊ एवढंच म्हणाली, "उजनीत हे असं, मग समुद्रात काय गं?" मला उत्तर देता आलं नाही. तोवर मीही समुद्र पाहिला होता तो अलिबागच्या सहलीत, ओल्या वाळूवर उभं राहून.

आमच्याकडं पहाटे पाचला कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं पोरं धावताना दिसतात. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या आता तालुक्याच्या गावोगावी आहेत. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस नाहीतर आर्मी असते. त्यांतला एखादा नेव्हीत निघतो. जून 2022 मध्ये चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्का या तळावर नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी तयार झाली आणि 28 मार्च 2023 ला तिचं दीक्षान्त संचलन झालं. सुमारे 2,600 जण होते, त्यांत 273 मुली. आमचा पुतण्या त्याच वर्षी नोव्हेंबरात तिकडं गेला. अर्ज भरताना त्याला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून बापाची सही लागली. माझ्या दिरानं ती सही केली तेव्हा चिल्का कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. सही करून तो उसाला पाणी द्यायला निघून गेला आणि त्या रात्री जेवला नाही.

वाट पाहणं हे प्रेमातून आपोआप येतं असं आपण धरून चालतो. मला आता वाटतं, ती एक विद्या आहे आणि कुठल्याही विद्येसारखी तिची परंपरा लागते. हर्णै-दाभोळकडच्या कोळणीला ती सासूकडून मिळते. होडी किती दिवसांनी परत यायची, कोणत्या वाऱ्याला घाबरायचं आणि कोणत्या वाऱ्याला नाही, नारळी पौर्णिमेच्या आधी समुद्रात का जायचं नाही, हे तिच्या घरात बोलता बोलता कळत जातं. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तीच विद्या पारावर मिळते. पोराचा फोन लांबला, तर शेजारचा पेन्शनर सुभेदार सांगतो, "अहो, पोस्टावर असेल, तिथं टॉवर कुठला?" एवढ्या वाक्यानं आई रात्रभर झोपते. आमच्या वस्तीवर असं वाक्य बोलणारं कुणी नव्हतं. आर्मीतून आलेली दोन-तीन माणसं होती. त्यांना बर्फ आणि बंकर माहीत होते, बोट नव्हती.

ती उणीव फोननं भरून काढली. चिल्काच्या दिवसांतच कुणा पालकानं एक ग्रुप काढला. नांदेड, जळगाव, कोल्हापूर, बीड, कुठकुठले आईबाप त्यात आले. सुरुवातीचे प्रश्न साधे असत. दौंडवरून जाणारी कोणार्क एक्सप्रेस धरायची का? पीओपीला, म्हणजे दीक्षान्त संचलनाला, किती जणांना येता येतं? पोलीस पडताळणीचा कागद अडला तर कुणाकडं जायचं? पोरगं म्हणतंय, त्याला बोट लागते. मग त्याला घरी पाठवतील का? या शेवटच्या प्रश्नाला परभणीच्या एका वडिलांनी दिलेलं उत्तर जाऊला पाठ आहे : "ताई, सगळ्यांनाच लागते. पहिले काही दिवस. मग पोट समुद्राला ओळखतं." पुढं कुणाचं पोरगं लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीला आलं, कुणाचं जामनगरच्या वालसुराला गेलं. लोणावळा आपल्याच जिल्ह्यात आहे, हे त्या आईला सांगताना माझ्या जावेच्या आवाजात माहेरवाशीण घरी आल्याचा आनंद होता. पोरगं दुसरीचं होतं.

इथपर्यंत हा ग्रुप म्हणजे माहितीचं दुकान वाटेल. माझंही तसंच मत होतं. 8 मेच्या रात्रीनं ते बदललं.

पहलगामचा हल्ला 22 एप्रिलला झाला होता. 6 आणि 7 मेच्या मधल्या रात्री ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. नौदलाची जहाजं अरबी समुद्रात पुढं सरकून सज्ज उभी होती, हे नंतर अधिकृतपणे सांगितलं गेलं. 8 तारखेच्या रात्री मात्र काही वाहिन्यांवर आणि फोनाफोनांवर भलतीच बातमी धावत सुटली : विक्रांतनं कराचीचं बंदर उडवलं. आगीचे व्हिडिओ आले. ती बातमी खोटी होती. पण रात्री साडेअकराला निमगावच्या वस्तीवर हे कुणाला कळणार? मी त्या दिवशी तिथं मुक्कामाला होते. दीर अंगणात खाटेवर बसून होता, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत. जाऊ मिसळणाच्या डब्यासमोर उभी होती. ग्रुपवर कुणीतरी तो आगीचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या पोरांनी करून दाखवलं.' मिनिटभरानं दुसरं कुणी विचारलं, 'कुणाची पोरं आहेत तिकडं? जहाजाचं नाव सांगा.'

मग परभणीच्या त्या वडिलांचा आवाज आला. थकलेला, पण शांत. त्यांनी व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. जहाजाचं नाव, बंदराचं नाव, शेवटचा फोन कधी आला, यातलं काहीही कुणी लिहायचं नाही, असं बजावलं. शेवटी म्हणाले, "आपल्याला काही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण मी जागा आहे. ज्याला झोप येत नाही त्यानं नुसतं 'आहे' असं लिहावं." आणि एकेक शब्द येऊ लागला. आहे. आहे. आहे. माझ्या जावेनंही तो लिहिला. पहाटे चारपर्यंत कुणी ना कुणी तो शब्द लिहीत होतं.

माझ्या लहानपणी शेजारचा माणूस परगावी गेला की त्याच्या घरी आम्हा पोरींपैकी कुणाला तरी 'सोबतीला झोपायला' पाठवत. आठ वर्षांची पोर चोरापासून काय राखणार होती? पण त्या काकूंना तेवढ्यावर झोप लागायची. घरात दुसरा श्वास आहे, हेच पुरेसं असे. त्या रात्रीचा 'आहे' हा शब्द तोच दुसरा श्वास होता. अशा आईबापांना माहिती हवी आहे असं आपल्याला वाटतं, त्यांनाही वाटतं. खरं तर त्यांना हवी असते सोबत; आणि माहिती मिळणं शक्य नसतं तेव्हा सोबतीची खरी किंमत कळते.

ही सोबत टिकायची तर तिला शिस्त लागते. 2019 च्या डिसेंबरात हेरगिरीच्या संशयावरून नौदलातल्या सात जणांना अटक झाली. समाजमाध्यमांवरच्या ओळखीतून जहाजांची माहिती काढून घेतली जात होती, असा तो संशय होता. त्यानंतर नौदलानं जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकला बंदी केली. पोराच्या हातातला फोन काढून घेतला, तरी आईचा फोन उरतोच. 'माझा बाळ उद्या अमुक बंदरात येतोय' या मायेच्या वाक्यात जहाजाची जागा आणि दिवस दोन्ही असतात. पन्नास आयांची अशी पन्नास वाक्यं जुळवली, तर ताफ्याचा नकाशा होतो. म्हणून आईनं न विचारणं, न लिहिणं हा मुलाच्या नोकरीतलाच एक वाटा आहे. पगारपत्रकावर तो कुठं दिसत नाही.

पूर्वी हे मौन परिस्थितीच लादायची. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तेव्हा घरच्यांकडं तार, पत्र आणि आकाशवाणी एवढंच होतं. काही कळणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं. आजच्या आईच्या हातात सगळ्या जगाच्या बातम्या आहेत, फक्त तिच्या पोराची नाही. मौन आता तिला स्वतःहून पाळावं लागतं, आणि तेही रात्री साडेअकराला खोटी आग डोळ्यांपुढं जळत असताना. हे तिनं एकटीनं पाळावं, अशी अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

आधार देणाऱ्या संस्था आहेत, त्या कामही करतात. नौदलाची कुटुंबांसाठीची संघटना पूर्वी नेव्ही वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन होती. आता तिच्या नावात पत्नींऐवजी स्वास्थ्य हा शब्द आला आहे. तिचं काम मुख्यतः नौदलाचा तळ असलेल्या शहरांत चालतं. सैनिक कल्याण कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, पुण्यात आहे. पण अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहित असतो. त्याचं कुटुंब म्हणजे आईबाप, आणि ते कुठल्याशा वस्तीवर. चार वर्षांनी फार तर चारातला एक कायम होणार. बाकीचे सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवा निधी घेऊन ऐन विशीत घरी येणार. या काळजीत बाप बुडालेला असतो आणि बाप बोलत नाही. माझ्या दिरानं ग्रुपवर दीड वर्षात एकदाच लिहिलं : 'चार वर्षांनंतर काय?' त्याला एकोणीस उत्तरं आली, सगळी वडिलांची. इतके दिवस ते सगळे गप्प बसून वाचत होते तर.

ऑनलाइन सोबतीच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. ज्या घरात एकच फोन आणि तो बापाच्या खिशात, तिथल्या आईपर्यंत ती पोचत नाही. हिंदीत चाललेल्या ग्रुपवर आमच्याकडच्या बायका ऐकतात, बोलत नाहीत. आणि काही प्रश्न तिथं सुटतच नाहीत. सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं तेव्हा पोराला कळवावं का, यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मत पडलं ते असं : लपवू नका, पण बंदरात आल्यावर सांगा आणि इथं कोण जवळ आहे तेही त्याच वाक्यात सांगा. सल्ला चांगला होता. दवाखान्यात रात्री बसायला मात्र मी गेले. फोनमधली माणसं डबा घेऊन येऊ शकत नाहीत. म्हणून मला वाटतं, तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा, आठवडे बाजाराच्या दिवशी, अशा घरांनी तासभर एकत्र बसावं. त्यात निवृत्त नौसैनिक असावा, बँकेतलं कुणी असावं, आणि मराठीत बोलावं. इंदापूरला जागा मिळेल, बारामतीलाही मिळेल. त्याला शासनाचा आदेश लागत नाही. पारावर सुभेदार असतो, तसा आमच्याकडं एखादा बोट पाहिलेला माणूस तयार व्हायला अजून एक पिढी जाईल. तोवर तो पार आपण बांधून ठेवला पाहिजे.

बाराव्या दिवशी दुपारी जाऊ पानमळ्यात होती. घरी येऊन पाहते तर अकराही 'जेवलास?' पुढं दोन-दोन टिका झालेल्या आणि खाली उत्तर : 'हो. तू?' तिनं फोन दिराच्या हातात दिला आणि म्हशींना पाणी दाखवायला गेली.

या गोष्टीला काही महिने झाले. परवा मी पुन्हा तिच्याकडं होते. रात्री ग्रुपवर एक नवा नंबर बोलला. धाराशिवकडची कुणी आई, आवाज कापरा : 'पोराला मेसेज जाईना. चार दिवस झाले. एकच टिक येतीय. काय करू?' जावेला लिहायला वेळ लागतो, म्हणून ती नेहमी वाचत बसते. त्या रात्री तिनं पिठाचे हात पुसले, बोट त्या माइकच्या खुणेवर दाबून धरलं आणि म्हणाली, "बाई, सेलिंगला गेला असंल. कुठं ते विचारू नका. जेवून घ्या आधी. मी जागी हाय."