तीस वर्षांत ओरखडा नाही

ब्रिटनमधल्या रेसिंग ट्रॅकवर मुलीने भेट दिलेली फेरी मारणाऱ्या पुण्याच्या एका बाबांचा व्हिडिओ सध्या फिरतो आहे. त्यावर हसणाऱ्यांचा मला या आठवड्यात फार राग आला. पिवळी गाडी गिरकी घेऊन गवतात गेली, याचं मला काही नाही. ट्रॅकवर गाड्या गवतात जातात, म्हणूनच कडेला एवढी मोकळी जागा सोडलेली असते. माझा राग त्याआधीच्या अर्ध्या मिनिटावर आहे, आणि नेमकं तेवढंच बहुतेकांनी पुढे पाठवताना कापून टाकलं. मुलगी काउंटरपाशी उभी आहे. विचारते, "बाबा, डॅमेज वेव्हर घेऊन टाकू का? तीस पौंडच आहेत." बाबा हेल्मेटची पट्टी ओढत म्हणतात, "काही गरज नाही. तीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही." आणि समोरच्या टॅबवर बोटाने सही करतात. न वाचता. चष्मा शर्टाच्या खिशात.

न वाचता सही करणाऱ्यांबद्दल मी या जागेवर पूर्वीही लिहिलं आहे आणि पुढेही लिहीन. सही म्हणजे शब्द देणं. आपण कसला शब्द देतोय हे ज्याला पाहावंसंही वाटत नाही, त्याने तो पाळण्याच्या गोष्टी करू नयेत.

त्या टॅबवर काय असतं? ब्रिटनमध्ये साठीला, निवृत्तीला असल्या 'ड्रायव्हिंग एक्स्पीरियन्स'चं व्हाउचर भेट देणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिकडे स्थिरावलेली आपली मुलंही, आईवडील उन्हाळ्यात राहायला आले की हौसेने ते घेतात. सिल्व्हरस्टोन, गुडवुड, थ्रक्स्टन हे सगळे दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ, पुढे रेसिंगचे ट्रॅक झालेले. तिथे फेरारी नाहीतर लॅम्बोर्गिनीच्या स्टिअरिंगमागे बसायचं, शेजारी प्रशिक्षक, मोजक्या फेऱ्या, फोटो, झालं. व्हाउचरच्या पैशांत गाडी चालवायला मिळते. गाडीला काही झालं तर नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा चालवणाऱ्याने भरायचा, असं त्या कागदात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी हा हिस्सा 5,000 पौंडांपर्यंत जातो, म्हणजे आपले साडेपाच-सहा लाख रुपये. आपल्या मोटार पॉलिसीतही असा हिस्सा असतोच: 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये, त्यावरच्या गाडीला 2,000. रक्कम इतकी किरकोळ, की क्लेमच्या वेळी गॅरेजवाला सांगेपर्यंत कुणाला पत्ताही नसतो. त्याच सवयीने माणसं तिकडच्या कागदावर बोट फिरवतात. डॅमेज वेव्हर म्हणजे वर थोडे पैसे भरून, साधारण 20 ते 40 पौंड, हा हिस्सा माफ किंवा निदान कमी करून घेणं. घरच्या गाडीची पॉलिसी इथे उपयोगाची नाही, हेही जाता जाता सांगते. ती त्या गाडीपुरती असते, आणि शर्यत व वेगाची चाचणी तिच्यात स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. कपाटातली पॉलिसी काढून एकदा पाहा. चष्मा लावून.

तर, तीस वर्षं.

कुठे चालवली तीस वर्षं गाडी? कर्वे रस्त्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पुढच्या रिक्षाच्या मागे काय लिहिलंय ते वाचत. गणपतीत आणि मे महिन्यात कोकणात, तीही पुढे एसटी आणि मागे टेम्पो अशी. द्रुतगती मार्गावर ताशी 100 ची मर्यादा, आणि तिथेही डावीकडून ओव्हरटेक करणाऱ्यांवर तोंडसुख घेण्यात निम्मा प्रवास. पहिली गाडी मारुती 800, 796 सीसी, 37 हॉर्सपॉवर. मग सेदान, फार तर 100 हॉर्सपॉवरची. आता फेरारी 458 घ्या. 570 हॉर्सपॉवर, आणि इंजिन पुढे नाही, पाठीमागे, सीटच्या मागच्या बाजूला. 100 चा वेग साडेतीन सेकंदांच्या आत. तीस वर्षांच्या अनुभवातला कोणता दिवस या गाडीला लागू होतो, ते मला कुणीतरी सांगावं.

लागू होत नाही एवढंच असतं तरी मी गप्प बसले असते. तो अनुभव इथे उलटा पडतो. आपल्या साध्या गाडीत इंजिन पुढे असतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. वळणावर वेग जास्त झाला, छातीत धस्स झालं, की आपण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो आणि गाडी मुकाट सावरते. तीस वर्षांत हे हजारो वेळा झालेलं असतं, त्यामुळे डोक्याला कळायच्या आत पाय उठतो. सीटच्या मागे इंजिन असलेल्या अशा गाडीत भर वळणात पाय असा एकदम उचलला, की वजन पुढच्या चाकांकडे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, पकड सोडतात आणि मागचा जड भाग गाडीला फिरवून टाकतो. तो व्हिडिओ पुन्हा पाहा. वळणाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज एकदम पडतो आणि पुढच्याच क्षणी गिरकी. तिथे नवशिक्याची चूक झालेली नाही. तीस वर्षं मुरलेल्या सवयीने आपलं काम चोख केलं. प्रशिक्षक सुरुवातीच्या माहितीत ओरडून ओरडून सांगतात की पाय झटकन उचलू नका, ब्रेक सरळ रस्त्यावर लावा, वळणात नाही. त्या वेळी आपली माणसं फोन आडवा धरायचा की उभा, यावर वाद घालत असतात.

ब्रेकचंही तेच. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. 70-80 च्या वेगावर डोळ्यांना बसलेला अंदाज 150 ला काही कामाचा राहत नाही. त्यात या ताफ्यांतल्या कित्येक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. उजवीकडे बसून जन्म गेला, आता गाडीचा अर्धा देह उजव्या हाताला पसरलेला, आणि त्या बाजूचं चाक नेमकं कुठे चाललंय याचा पत्ता नाही.

बरं, ओरखडा नाही, हे तरी खरं आहे का? मी हे वाक्य पुरुषांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकलं आहे, बायकांच्या तोंडून क्वचित. ऐकल्यावर एकदा त्या गाडीभोवती चक्कर मारावी. मागच्या बंपरचा डावा कोपरा पाहावा, जिथे सोसायटीच्या खांबाचा निळा रंग लागलेला असतो. "तो पार्किंगमध्ये कुणीतरी लावलाय." दारावरची रेघ? "ती मुलांची सायकल." आरसा? "रिक्षावाल्याने तोडला, माझी काय चूक." तीस वर्षांत झालेला प्रत्येक ओरखडा दुसऱ्याच्या नावावर चढवला की आपली पाटी कोरी राहणारच. आणि समजा ती खरंच कोरी आहे. तरी तीस वर्षांत कितीजणांनी आपल्यासाठी ऐनवेळी ब्रेक दाबला, किती स्कूटरवाल्या मुली आपल्याला वाचवत खड्ड्यात गेल्या, याची नोंद आपल्याकडे नसते. ती त्यांच्याकडे असते. एकट्याच्या कौशल्याने रस्त्यावर कुणी तीस वर्षं निभावत नाही. त्याचं श्रेय मात्र घरी येऊन एकटा घेतो, याची मला चीड आहे.

त्याहून वाईट पुढचं. हे बाबा सही कुणाच्या जिवावर करतात? गाडी गवतातून एखाद्या कठड्यावर गेली असती आणि 5,000 पौंडांचा कागद पुढे आला असता, तर ते पैसे पुण्याच्या पेन्शन खात्यातून जाणार नव्हते. काउंटरवर कार्ड त्या मुलीचं होतं. तिने घराचं भाडं, पाळणाघराची फी यातून बाजूला काढून वडिलांना खूश करायचं ठरवलं, आणि वडिलांनी तिच्याच समोर तिच्या सहा लाखांची पैज लावली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! तीस पौंड वाचवले म्हणून वर कौतुकाची अपेक्षा. मुलगी व्हिडिओत काही बोलत नाही. कार्ड पर्समध्ये ठेवते. आपल्याकडच्या मुलींना वडिलांशी काउंटरवर वाद घालायला शिकवलेलं नसतं, हे त्या बाबांना पक्कं ठाऊक आहे.

आणि गाडी? ती तर तिसऱ्याचीच. आपला कायदा थर्ड पार्टी विम्याची सक्ती करतो, स्वतःच्या गाडीचं नुकसान मात्र तुमच्यावर सोडतो, आणि मला हे तत्त्व पटतं. स्वतःच्या पत्र्याचं नुकसान सोसायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याचं नुकसान भरून देण्याची सोय न करता रस्त्यावर यायचं नाही. ट्रॅकवरच्या गाडीचा पत्रा हे दुसऱ्याचं नुकसान आहे. शेजारून मागून आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, वाटीभर काहीतरी घालूनच द्यायचं, अशी ज्या घरांची रीत होती, त्या घरांतली माणसं दुसऱ्याच्या गाडीत बसताना 'फुटलं तर बघून घेऊ' म्हणतात. काय बघून घेणार? कोण बघणार?

म्हणून वेव्हर घ्यावा, असं माझं सरळ मत आहे. शब्द पाळण्याची ऐपत नसेल तर तो पाळता येईल अशी तजवीज आधी करावी.

इथेच एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण पैसे भरले की काही मंडळींच्या अंगात येतं. वेव्हरने फक्त धातू भरून निघतो. 12 एप्रिल 2015 रोजी फ्लोरिडात, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड स्पीडवेवर अशाच अनुभवात लॅम्बोर्गिनी गॅलार्डो लोखंडी कठड्यावर आदळली. चालवणारा 24 वर्षांचा, वाढदिवसाच्या भेटीवर आलेला. तो वाचला. शेजारी बसलेला 36 वर्षांचा कर्मचारी जागीच गेला. तो ट्रॅक ज्या दिशेने धावण्यासाठी आखला होता, त्याच्या उलट दिशेने तिथे गाड्या सोडल्या जात होत्या. म्हणजे चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारीही लहान नव्हती. फेब्रुवारी 2017 मध्ये लास वेगासजवळच्या ट्रॅकवर ॲव्हेंटाडोर आदळून पेटली, त्यात पर्यटक आणि प्रशिक्षक दोघेही गेले. शेजारच्या सीटवरचा माणूस दिवसभर अनोळखी पाहुण्यांच्या हाती आपला जीव देतो. त्याच्या पायाशी ब्रेक प्रत्येक गाडीत नसतो. त्याचं ऐकायचं ही या खेळातली पहिली अट आहे, आणि त्याचं न ऐकता गाडी हाणली तर सहसा वेव्हरही उपयोगी पडत नाही. तेही त्याच कागदात असतं, तिसऱ्या-चौथ्या कलमात, बारीक टायपात.

'ही लूट आहे' म्हणणाऱ्यांचं थोडं मान्य आहे मला. भेट घेताना एक किंमत दाखवायची आणि हेल्मेट चढवल्यावर दुसरी काढायची, हे चांगल्या दुकानदाराचं लक्षण नव्हे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 पासून सक्तीचे आकार जाहिरातीतल्या किमतीत धरलेच पाहिजेत असा कायदा आहे. वेव्हर ऐच्छिक, म्हणून तो त्यातून निसटतो. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ज्या 13 फसव्या युक्त्यांची यादी काढली, तिच्यात किंमत अशी टप्प्याटप्प्याने उलगडणं आहेच. माझ्या मते वेव्हर मूळ किमतीतच असावा, आणि नको त्याने लेखी नाकारावा. पण दुकानदार लबाड असला तरी ठोकलेल्या गाडीचा हिशेब मुलीच्या कार्डावर येतो, तो काही त्याच्या लबाडीने रद्द होत नाही.

'मुलांनी दिलंय, मुलं बघतील' यावर मी काही लिहीत नाही. लिहिलं तर संपादक छापणार नाहीत.

ज्याला सहा लाख रुपये त्याच दिवशी, स्वतःच्या खात्यातून, तोंड वाकडं न करता देता येतात, त्याने वेव्हर नाकारला तर माझी तक्रार नाही. जे नुकसान सहज सोसता येतं त्याचा विमा काढू नये, हा जुना आणि शहाणा नियम आहे. फक्त अशी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. जी पाहिली, ती ट्रॅक ओला होता, टायर गुळगुळीत होते, प्रशिक्षकाने उशिरा सांगितलं, असं बोलत काउंटरशी तासभर भांडणारी होती.

परदेशातल्या मुलींना माझी एक विनंती आहे. व्हाउचर घेतानाच वेव्हरची चौकशी करा. किती हिस्सा माफ होतो, पूर्ण की अर्धा, काय केलं तर रद्द होतो, हे लेखी मागा, आणि शक्य असेल तिथे पैसे त्याच वेळी भरून टाका. बाबांना काउंटरवर विचारू नका. चारचौघांत विचारलं की त्यांना शूरपणा दाखवावाच लागतो. आणि तरीही "कशाला भरलेस, मला काय गाडी येत नाही?" असं ते म्हणालेच, तर तिथल्याच ड्रायव्हरने चालवायची आणि पाहुण्याने शेजारी बसायचं अशी फेरी बहुतेक ठिकाणी मिळते. तीच घ्या. तिला वेव्हर लागत नाही.