खांद्यावरची काठी

काठीला शस्त्र म्हणावे की नाही, हा प्रश्न आपल्या कायद्याने एका वाक्यात निकालात काढला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनविलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र, असे आधी भले मोठे जाळे टाकले आहे. आणि मग निव्वळ घरगुती व शेतीच्या उपयोगाच्या वस्तू त्या जाळ्यातून अलगद बाहेर सोडल्या आहेत. उदाहरणादाखल तेथे नाव घेतले आहे ते लाठीचे आणि चालताना टेकावयाच्या साध्या काठीचे. कायदा करणाऱ्यांना खेडे ठाऊक होते, असे ते वाक्य वाचताना मला नेहमी वाटते. ज्या मुलखात गुराखी, जागल्या, म्हातारा आजा आणि कीर्तनाहून रात्री परतणारा माळकरी या सर्वांच्या हाती काठी असते, तेथे तिला शस्त्र ठरविले असते तर तुरुंग बांधावयालाही माणसे उरली नसती.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तरकी केली आणि आता सेवानिवृत्तीनंतर संध्याकाळी मुलामुलींना लाठी, बनेटी, फरीगदगा आणि थोडाफार दांडपट्टा शिकवितो. ही विद्या मला अमरावतीकडून आली. १९१४ साली तेथे निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आमच्या वऱ्हाडात गावोगाव आखाड्यांची हौस पेरली, आणि त्याच मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. बर्लिनपर्यंत काठ्या कशा नेल्या असतील, याचे मला फार कुतूहल आहे. मला तर त्या तालुक्याच्या गावी न्यावयाच्या म्हटल्या तरी रात्रभर झोप लागत नाही.

आपल्या पूर्वजांनी खरे शस्त्र आणि शिकावयाचे शस्त्र यांत भेद केला होता, आणि त्यासाठी निराळे शब्दही घडविले होते. तलवारीच्या जागी चामड्याने मढविलेला गदगा, ढालीच्या जागी फरी, भाल्याच्या जागी बोथाटी. बोथाटीच्या तर नावातच बोथटपणा आहे. कायद्याच्या भाषेला मात्र हे शब्द ठाऊक नाहीत. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात तलवारी, जंबिये, भाले, कट्यारी आहेत, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असलेली इतर हत्यारेही आहेत. या धारदार वस्तूंना परवान्याची सक्ती सर्वत्र नाही. केंद्र सरकार ज्या भागापुरती अधिसूचना काढील तेथेच ती लागते. माझ्या दांडपट्ट्याचे पाते नऊ इंचांच्या कितीतरी पुढे जाते. त्याला धार नाही, हे खरे. पण शिकलगाराकडे तासभर ठेवला की धार येते, हेही खरेच. मग आज तो काय आहे? जे होऊ शकेल ते, की जे आहे ते?

गंमत अशी की २०२४ च्या शिवजयंतीला आग्र्याच्या किल्ल्यात याच दांडपट्ट्याला महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित करण्यात आले. राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू, राज्यशस्त्र दांडपट्टा. शेकरू मारणे गुन्हा आहे. दांडपट्टा घेऊन एस. टी. त चढणे म्हणजे नेमके काय आहे, हे वाहकाच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते.

तथापि खरी अडचण पट्ट्याची नाही, काठीचीच आहे. एक कायदा तिला शस्त्रांतून सोडवितो आणि दुसरा पुन्हा धरतो. १९५१ च्या पोलीस अधिनियमातील सदतिसावे कलम जिल्हादंडाधिकाऱ्याला असा अधिकार देते की, सार्वजनिक शांततेसाठी त्याला आवश्यक वाटेल तेव्हा त्याने शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुऱ्या, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर बाळगण्यास मनाई करावी. आमच्याकडे सणावाराच्या, निवडणुकांच्या, मोर्च्यांच्या दिवसांत हे आदेश निघतात. बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात आणि त्या दिवसापासून, कालपर्यंत निरुपद्रवी असलेली माझी काठी जप्तीला पात्र होते. काठी तीच, माणूस तोच; बदलते ती फक्त तारीख.

यावर चिडणे सोपे आहे. आमच्या आखाड्यातली मुले चिडतात. गणेशोत्सव, मोहरम, दसरा, म्हणजे ज्या दिवसांत आपली विद्या चार लोकांपुढे मांडावी तेच दिवस या मनाईचे. ‘गुरुजी, आपण काय गुन्हा केला?’ असे एका मुलीने मला विचारले होते. मी तिला म्हणालो, काही नाही. पण तेवढ्याने उत्तर संपत नाही, हे मला तेव्हाही कळत होते. आपण काही केले नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला ते कोठून ठाऊक असणार? कोणी कोणाच्या मनात डोकावू शकत नाही. डोळ्यांना दिसतात त्या बारा पोरांच्या हातांतल्या बारा लाठ्या. ज्या आईचे लेकरू मागे कधी दंगलीत सापडले असेल, तिने त्या पाहून दार लावून घेतले तर त्यात तिचा काय दोष? आपल्या राज्यघटनेने सभेचा हक्क दिला तोही शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा. आमचा हेतू शुद्ध आहे, हे म्हणणे पुरेसे नाही. हेतू माझ्यापाशी राहतो. भीती दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते.

मला या बाबतीत महाभारतातला एक प्रसंग फार मोलाचा वाटतो. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो, पण पांडवांनी शस्त्रे शमीवर का ठेवली, हे सांगताना ओळखले जाण्याच्या भीतीचे तेवढे कारण देतो. विराटपर्वात युधिष्ठिराच्या तोंडी त्याआधी आणखी एक कारण आहे. आपण सशस्त्र नगरात शिरलो तर तेथल्या लोकांना उद्वेग होईल, असे तो म्हणतो. गांडीव साऱ्या जगाला माहीत आहे, ही पुढची गोष्ट. बारा वर्षे वनात काढलेला, राज्य गमावलेला माणूस. त्याच्यावर अन्याय झालेला आहे, शस्त्र बाळगण्याचा त्याच्याइतका अधिकार कोणाला असेल? आणि तो आधी विचार करतो तो एका परक्या गावातल्या अनोळखी लोकांच्या मनाचा. (त्या झाडाजवळ कोणी फिरकू नये म्हणून त्यांनी तेथे एक प्रेतही बांधून ठेवले, ही मात्र अवघड गोष्ट. सदतिसाव्या कलमात प्रेतांचे प्रदर्शन करण्यासही मनाई करता येते. विराटाच्या राज्यात हे कलम नव्हते, म्हणून पांडव सुटले.)

शस्त्र झाकून न्यावे, हा माझ्या मते केवळ कायद्याचा नव्हे, सभ्यतेचा नियम आहे. पण येथेच दुसरी गाठ पडते. लाठ्या गोणपाटात गुंडाळून, दोरीने करकचून बांधून नेल्या की लोकांच्या नजरेतली दहशत जाते आणि पोलिसाच्या नजरेत संशय येतो. उघडी नेली तर दांडगाई, झाकून नेली तर कारस्थान. आणि या संशयालाही आधार नाही असे नाही; काठीच्या पोटात पाते लपविलेली गुप्ती ही आपल्याच लोकांनी केलेली करामत आहे आणि नियमांच्या परिशिष्टात ती तलवारीच्या शेजारीच बसविली आहे. तेव्हा नुसते झाकणे पुरत नाही. झाकावे, आणि विचारण्यापूर्वी सांगावे. शीख बांधवांच्या कृपाणाला घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात नाव घेऊन स्थान मिळाले आहे. एका समाजाने एक शस्त्र पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे, जबाबदारी मानून बाळगले, त्याची ही नोंद आहे, असे मी समजतो. उलट त्रिशूळ, सुरी आणि कवटी घेऊन रस्त्यावरून तांडवनृत्याची मिरवणूक काढण्याचा हक्क १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आनंदमार्गीयांना नाकारला. शस्त्र तेवढ्याने धर्माचे होत नाही, आणि खेळाचेही होत नाही. ते आपल्या हातात किती काळ, कसे आणि कोणासमोर राहिले, यावर लोकांचा विश्वास बसतो.

येथपर्यंत माझे मन स्वच्छ आहे. यापुढे मात्र मला वाट सापडत नाही.

आमच्या आखाड्यात जवळच्या तांड्यावरचा एक मुलगा येतो. बनेटी फिरविण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. गेल्या वर्षी स्पर्धेला जावयाचे ठरले आणि गठ्ठा कोणी वाहावा अशी चर्चा निघाली, तेव्हा तो पुढे झाला. त्याचा बाप तेथेच होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘गुरुजी, गठ्ठा तुमच्या खांद्यावर राहू द्या. तुमच्या खांद्यावर ते सामान आहे, माझ्या पोराच्या खांद्यावर ते हत्यार होते.’

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. इतिहासही त्याच्याच बाजूचा. आमच्याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे; तेथे सेवालाल महाराजांच्या समाधीला देशभरचा बंजारा समाज येतो. बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ लादून या लोकांनी एके काळी फौजाच्या फौजा पोसल्या. रानावनातून माल न्यावयाचा म्हणजे हाती हत्यार हवेच, आणि तेव्हा त्यात कोणाला वावगे वाटले नाही. पुढे सडका आणि आगगाड्या झाल्या, धंदा बसला, आणि १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मालाच गुन्हा ठरविणारा हा कायदा. देशात ठिकठिकाणी बंजाऱ्यांच्या अनेक गटांवरही त्याचा शिक्का बसला. १९५२ साली तो रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत. कायद्याने शिक्का पुसला, पण नाक्यावरच्या नजरेने तो किती पुसला हे त्या बापाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

युधिष्ठिराचा नियम येथे अपुरा पडतो. दुसऱ्याच्या भीतीचा मान राखावा, हे खरे. पण भीती काठीची नसून खांद्याची असेल तर? त्या भीतीचाही मान राखावयाचा काय? बाजाराच्या दिवशी एस. टी. त कुऱ्हाडी येतात, विळे येतात, पऱ्हाटीच्या वखराच्या पासा येतात. त्यांतली एक कुऱ्हाड माझ्या आखाड्यातल्या सगळ्या गदग्यांहून अधिक घातक आहे. पण ती शेतकऱ्याची म्हणून कोणी मान वर करून पाहत नाही, आणि पाहू नयेच. मग विश्वास वस्तूवर नाहीच. तो माणसावर आहे, आणि आपण तो सारखा वाटलेला नाही. कायदा काठीकडे बोट दाखवितो, ही त्यातली न्यायाची बाजू आहे. तिच्यामागे कोण उभा आहे हे तो विचारीत नाही. विचारणारे आपण असतो.

गठ्ठा मी वाहिला तर मुलाला कोणी अडविणार नाही. शिवाय सगळ्यांची स्पर्धा पार पडेल. आणि बाकीच्या अकरा मुलांचाही मला विचार केला पाहिजे. पण मी वाहिला म्हणजे नाक्यावरच्या माणसाला जे वाटत होते ते तसेच राहिले, आणि मुलाला हे शिकविले गेले की विद्या तुझी असली तरी तिचे ओझे वाहण्याची पत दुसऱ्याची. उलट गठ्ठा त्याच्या खांद्यावर द्यावा, तर माझ्या तत्त्वाची किंमत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून तो चुकविणार. दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर शौर्य दाखविणारे पुढारी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या ओळीत जाऊन बसण्याची मला इच्छा नाही. बापाचे म्हणणे भित्रेपणाचे आहे असे कोणी म्हणेल, तर मी त्याच्याशी भांडेन. तो अनुभवाचा हिशेब आहे.

गेल्या वर्षी गठ्ठा मी वाहिला. कोणी अडविले नाही.

यंदा दसरा झाल्यावर मी जाण्याची तयारी निराळ्या रीतीने मांडली. मनाईचा आदेश चालू आहे का, हे तहसील कचेरीत जाऊन आधी पाहून आलो. तो असला तर काठ्या घरी राहतील आणि तेथल्या आखाड्याच्या उसन्या घेऊ, हे मुलांना सांगून टाकले. दांडपट्टा न्यावयाचा नाही. स्पर्धेचे निमंत्रण, शाळेचे पत्र आणि सामानाची यादी अशा तीन कागदांच्या प्रती ठाण्यात आधी देऊन पोच घ्यावयाची. यादी लिहिण्याचे काम त्या मुलाकडे दिले, कारण त्याचे अक्षर चांगले आहे. लाठ्या बारा, बनेट्या दोन, फऱ्या चार, गदगे चार. प्रत्येकाची लांबी त्याने टेप लावून मोजली आणि समोर लिहिली. खाली ‘वाहून नेणार’ अशी ओळ मी आखून ठेवली होती व तीत माझे नाव घातले होते. कागद परत आला तेव्हा माझ्या नावाच्या पुढे ‘आणि’ असे लिहून त्याने आपले पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, घातलेले होते.

मी ते खोडले नाही. पालकाच्या सहीसाठी कागद तांड्यावर गेला आहे.